काचेची भुकटी आणि बाटलीतलं पाणी

फायबरच्या खुर्चीला कुणी प्लास्टिकची खुर्ची म्हटलं की माझं डोकं अजूनही फिरतं. बायको म्हणते, "म्हणू द्या की, तुमचं काय जातंय?" काय गेलंय ते तिला चांगलं ठाऊक आहे. माझा उजवा डोळा त्या कामात गेला.

फायबर म्हणजे काच. खिडकीला असते तीच, पण केसाहून बारीक सूत काढलेली, आणि त्या सुताची दाबून केलेली पांढरी चटई. तिला आम्ही मॅट म्हणायचो. या मॅटमध्ये काकवीसारखं दाट रेझिन मुरवायचं आणि ते वाळून कडक झालं की झालं फायबर. नुसतं रेझिन वाळवलं तर हातातून पडलं की तडकतं. नुसती मॅट फुंकरीनं उडते. दोन्ही एकत्र आली की त्यावर माणूस उभा राहतो, आणि गच्चीवरची टाकी उन्हापावसात वर्षानुवर्षं तशीच राहते. गंज नाही, पोचा नाही, वजन पत्र्याच्या मानानं काहीच नाही. म्हणून तर बसवाले आमच्याकडे यायला लागले. पत्र्याला जो बाक द्यायला चार तुकडे कापून जोडावे लागत, तो आम्ही एका साच्यातून एका अंगानं काढून द्यायचो.

मी पिशोरचा. शेत होतं, पण त्यावर खाणारी तोंडं जास्त होती, म्हणून शहरात आलो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मुकुंदवाडीत खोली केली आणि वाळूजला कामाला लागलो. गाड्यांच्या मोठ्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला पत्र्याची लहान लहान शेडं होती, त्यातल्या एकात आमचं काम चाले. बसच्या तोंडाचे पॅनल, पाण्याच्या टाक्या, वॉचमनच्या केबिनी, एखाद्या बागेची घसरगुंडी, जे काम येईल ते. एकदा आई गावाकडून आली होती. तिच्या हातात मी फायबरचा फुटका तुकडा दिला. कडेला काचेचे तंतू बाहेर आले होते. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "हे तर आपल्या चिखलात भुसा कालवल्यावानी हाय की रं. भुसा नसला तर भित तडकती." मला फार आनंद झाला होता. आपण परमुलखातलं काहीतरी करत नाही, असं त्या दिवशी वाटलं.

काम दिसायला सोपं. साच्याला मेण घासायचं, म्हणजे माल नंतर सुटतो. मग रंगाचा थर. मग मॅट अंथरायची, ब्रशनं रेझिन पाजायचं आणि लोखंडी रोलर फिरवून आतली हवा काढायची. हवा राहिली की थर एकमेकांना धरत नाहीत. वरून माल चकाचक दिसतो, आतून सुटलेला असतो. तो ओळखायची एकच युक्ती होती. खिशातलं नाणं काढायचं आणि मालावर वाजवत जायचं. चांगल्या जागी टण्ण आवाज येतो, सुटलेल्या जागी भद्द. जिथं बोल्ट बसायचा, जिथं ताण यायचा, तिथं एखादा थर जादा द्यावा लागे. हे सगळं मला भाईनं शिकवलं.

भाई म्हणजे माझा जोडीदार. वयानं थोडा मोठा, जुन्या शहरातल्या पिंजाऱ्याच्या घरातला. बाप आणि चुलते रजया भरायचे. कापूस सारखा कसा पसरायचा हे त्याच्या हातात लहानपणापासूनच होतं, त्यामुळे त्यानं अंथरलेल्या मॅटला कधी सुरकुती पडली नाही. तो मला पाटील म्हणायचा, मी त्याला भाई. तो अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलायचा आणि भांडताना पूर्ण दखनी. माझ्या डब्यातली ठेचा-भाकरी तो खायचा, त्याच्या डब्यातलं चिंचेचं खट्टं मी भुरकायचो. आम्ही भांडायचोही पुष्कळ. रोलर कुणी धुतला नाही, यावरून दोन-दोन दिवस अबोला धरलेला आहे आम्ही.

आमच्याकडे सगळी कामं जोडीनं चालत, आणि त्याला कारण होतं. माल साच्यातून निघाला की त्याच्या कडा ग्राइंडरनं घासाव्या लागत. तेव्हा काचेची भुकटी उडायची. ती दिसायची पिठासारखी, पण होती काच. मानेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली जाऊन बसायची. अंग नुसतं पेटायचं. बायको माझे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची आणि तरी तिच्या हातांना पुरळ यायचं. चष्मे दिले होते, पण ते वाफेनं धुरकट व्हायचे आणि काही दिसेना झालं की माणूस ते काढतोच. घासून झालं की डोळे मिटून जागच्या जागी उभं राहायचं. स्वतःचा हात डोळ्याला लावायचा नाही, कारण हातालाही तीच भुकटी. मग जोडीदारानं यायचं, आपलं डोकं मागं वाकवायचं आणि बाटलीनं डोळ्यांत पाणी सोडायचं. हा रिवाज कुणी लिहून दिला नव्हता, शेडमध्ये सगळेच पाळायचे. जोडीदार आल्याशिवाय कुणी डोळा उघडायचा नाही.

भाई पाणी सोडताना दर वेळी एकच वाक्य बोलायचा. "खोल आँख, पाटील. पानीच है."

मिटलेल्या डोळ्यांनी उभं राहणं लई वाईट असतं. आजूबाजूला यंत्रं फिरत असतात, कुणी पळतंय, कुणी ओरडतंय, आणि आपण आंधळ्यासारखे उभे. ते वाक्य कानावर पडलं की जिवात जीव यायचा. डोळा आपोआप उघडायचा.

आता हार्डनरबद्दल सांगितलं पाहिजे. रेझिन आपणहून वाळत नाही. त्यात आधी कोबाल्ट मिसळावं लागतं, जांभळ्या शाईसारखं असतं ते. आणि मग, काम सुरू करायच्या अगदी आधी, थोडंसं हार्डनर. या दोघांना शेडमध्ये सवती म्हणायचे. रेझिन मध्ये असेल तर दोघी नांदतात, पण थेट एकमेकींच्या अंगावर ओतल्या तर भडका उडतो. म्हणून कोबाल्ट या कोपऱ्यात, हार्डनर त्या कोपऱ्यात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे दटावून सांगितलं जाई. भडक्याची भीती सगळ्यांच्या मनात बसलेली होती. दुसरी भीती आम्हांला कुणी घातलीच नाही. हार्डनर दिसायला पाण्यासारखं निर्मळ असतं, आणि ते डोळ्यात गेलं तर डोळा जाळतं.

हार्डनरची मापाची बाटली होती, खुणा केलेली, वर नळी असलेली. उन्हाळ्यात ती तडकली. नवी मागवायची तर साहेबांना सांगावं लागणार, साहेब म्हणणार बाटली फोडली कुणी. सुपरवायझरनं शांतपणे एक पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि तीत हार्डनर भरून घेतलं. हे मी माझ्या दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा दोन्ही होते. कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. कोपरा हार्डनरचा होता, म्हणजे बाटली हार्डनरची, एवढं सगळ्यांना पुरेसं होतं. आम्ही बाटल्या रूपानं ओळखत नव्हतो, जागेवरून ओळखत होतो.

त्या दुपारी बसचे पॅनल तातडीनं जायचे होते. कुणीतरी साच्यापाशी काम करताना ती बाटली नेली आणि घाईत परत ठेवताना घासायच्या टेबलावर ठेवली, जिथं आमची पाण्याची बाटली असायची. कुणी, ते कधी कळलं नाही, आणि आता कळून उपयोगही नाही. मी कडा घासून संपवल्या, ग्राइंडर बंद केला आणि डोळे मिटून उभा राहिलो. रेझिनचा वास शेडमध्ये इतका कोंदलेला असायचा की दुसरा कसलाही वास येत नसे. भाईचे पाय वाजले. त्यानं माझं डोकं मागं वाकवलं.

"खोल आँख, पाटील. पानीच है."

मी उजवा डोळा उघडला.

मी जो ओरडलो तो आवाज माझाच आहे हे मला कळलं नाही. मान झटक्यानं वळली म्हणून डावीकडे थोडेच शिंतोडे गेले. भाईनं बाटलीचा वास घेतला असणार, कारण तो "या अल्ला" म्हणाला आणि लगेच मला काखेत धरून फरफटत बाहेर नेलं. बाहेर आमचीच एक टाकी होती, थर सुटला म्हणून परत आलेली, आम्ही ती हातपाय धुवायला ठेवली होती. त्यानं माझं डोकं तीत बुडवलं. मी गुदमरायचो, तो वर काढायचा, बोटांनी पापण्या फाकवून पाणी मारायचा, परत बुडवायचा. सुपरवायझर ओरडत होता, गाडी आली, दवाखान्यात न्या, वेळ घालवू नका. भाईनं त्याला कोपरानं ढकललं. "मर जाएगी आँख," एवढंच तो म्हणत होता. टाकीचा तळ दिसेपर्यंत त्यानं मला सोडलं नाही.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की उजवा वाचण्यासारखा नव्हताच, पण डावा राहिला तो त्या धुण्यामुळे. तसाच गाडीत घालून आणला असता तर दोन्ही गेले असते. हे वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, कारण माझ्या खाटेभोवती तोवर दुसरंच बोलणं सुरू झालं होतं.

सुपरवायझर येऊन सांगून गेला की पाण्याची बाटली न बघता उचलली, चूक भाईची. हार्डनर पाण्याच्या बाटलीत कुणी भरलं, हे त्यानं सांगितलं नाही. पिशोरहून चुलते आले. ते म्हणाले, "त्यानं मुद्दामच केलं आसंल. त्या लोकांचा काय भरवसा?" मी ओरडून त्यांना गप्प केलं, डोळ्यांवर पट्ट्या असताना. म्हणालो, राहिलेला डोळा त्यानंच वाचवलाय. चुलते म्हणाले, "तू लई भोळा हायस." शहरातही तेव्हा दिवस बरे नव्हते, माणसं एकमेकांच्या गल्लीतून जाताना पावलं उचलून जात. असं बोलणं वाऱ्यासारखं पसरतं. भाई दवाखान्याच्या दारापर्यंत आला होता, असं बायकोनं मला नंतर सांगितलं. व्हरांड्यात चुलते बसलेले होते. तो तिथूनच परत गेला.

मी शेडमध्ये परतलो तेव्हा भाई काम सोडून गेला होता. घरी गेलो तर त्याच्या बायकोनं दारातूनच सांगितलं की ते झोपलेत. भर दुपारी तो झोपणारा माणूस नव्हता. दुसऱ्यांदा गेलो तर दारच उघडलं नाही. मला राग आला, तोही सांगून टाकतो. डोळा माझा गेला आणि तोंड हा लपवतो, म्हणजे काय? मी त्याला एका शब्दानं बोललो नव्हतो. एकदा गुलमंडीवर तो समोरून येताना दिसला, अंगावर कापूस, खांद्यावर रजई. मी हाक मारली. त्यानं पाहिलं आणि आलेल्या वाटेनं परत फिरला. त्यानंतर मी नाद सोडला.

एका डोळ्याला अंतर कळत नाही. साच्यात मॅट बसवताना हात चुकायला लागला, म्हणून मला तयार माल वाजवून बघायच्या कामावर बसवलं. त्याला डोळा लागत नाही, कान लागतो. दिवसभर नाणं घेऊन टण्ण, टण्ण, भद्द. उजव्या जागी दवाखान्यानं कृत्रिम डोळा बसवून दिला. बसवणाऱ्याला विचारलं, काचेचा का? तो म्हणाला, आता काचेचे कुणी करत नाही, हा प्लास्टिकचा. मी हसलो तेव्हा त्याला कळलं नाही का ते. उरलेली सगळी नोकरी मी तशीच काढली. नवे जोडीदार आले, चांगले होते, पण ग्राइंडरपाशी मी पुन्हा उभा राहिलो नाही. कुणी डोळ्याजवळ हात आणला की माझी पापणी घट्ट मिटायची. बायकोनं पदरानं कुसळ काढायला जावं, तरी तेच.

आणि मग म्हातारपणी त्या राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला.

ऑपरेशन पार पडलं, कारण तेव्हा त्यांनी डोळा बधिर करून चिमट्यानं उघडा धरला होता. खरा प्रश्न घरी आल्यावर सुरू झाला. दिवसातून कितीदा तरी थेंब घालायचे होते. बायको बाटली जवळ आणायची आणि डोळा मिटायचा. मी मनानं ठरवायचो की उघडतो, जीव तोडून प्रयत्न करायचो, पण पापणी माझी राहिलीच नव्हती. मुलीनं बोटांनी उघडायचा प्रयत्न केला तर मी तिचा हात झिडकारला, लहानपणीही तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. थेंब गालावरून वाहून जायचे. डोळा लाल झाला, ठणकायला लागला. डॉक्टर तपासून चिडले. म्हणाले, आत पू धरला तर हा डोळा मी वाचवू शकणार नाही, आणि तुम्हांला दुसरा नाही. घरी येताना रिक्षात बायको रडत होती आणि मी तिच्यावरच खेकसलो. मला आंधळं व्हायची भीती वाटत होती. इतकी भीती मला त्या टाकीतसुद्धा वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मला न सांगता बाहेर गेली. परत आली ती भाईला घेऊनच.

तो थकला होता. सुनेचा हात धरून आला. पावलं आत टाकताना चाचपडत होता आणि त्याचे डोळे गुंजेसारखे लाल होते. मला वाटलं वयानं असतील. तो माझ्या खाटेवर बसला. मी म्हटलं, "आलास? इतकी वर्षं झोपला व्हतास व्हय?"

तो म्हणाला, "हौ पाटील." आणि मग म्हणाला, "बाटली दे."

बायकोनं औषधाची बाटली त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती डोळ्याशी धरून पाहिली, झाकण काढून वास घेतला. मग माझं डोकं त्यानं मागं वाकवलं, अगदी तसंच, तळहात मानेखाली घेऊन. मी डोळा मिटून वाट पाहिली. काहीच झालं नाही. पापणी किंचित किलकिली करून पाहिलं तर भाईनं स्वतःची मान वर केली होती, आणि बाटली उंच धरून पहिला थेंब स्वतःच्या डोळ्यात टाकला होता. मग तो थांबला. हार्डनर घातल्यावर रेझिन कधी धरतंय ते आम्ही पाहत बसायचो, तसा तो आपल्या डोळ्यात काय होतंय ते पाहत बसला होता.

"खोल आँख," तो म्हणाला. "पानीच है."

डोळा उघडला. मी उघडला नाही, तो उघडला. थेंब आत गेला, गार होता.

चहा झाला. ते निघताना मी त्याच्या सुनेला म्हटलं, "भाईच्या डोळ्यांचं काय झालं गं? दाखवलं का कुठं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "किती दाखवायचं काका? डॉक्टर ओरडत्यात. पर अब्बा ऐकतच नाय. घरात कुणाच्या बी आंगावर पानी टाकायचं तर आधी खुदके आँख में टाकतात. पोरांच्या आंघोळीचा तांब्या असू दे, नायतर पाय धुवायचं सोड्याचं पानी. मी लगीन होऊन आले तवापासून हेच बघतेय."

भाई दारात उभा राहून चपला चाचपत होता. त्यानं ऐकलं असेल. मला एकाएकी रडू आलं. जो डोळा कोरडा ठेवा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यातूनच आलं, प्लास्टिकच्या डोळ्याला काय होणार.

दुसऱ्या दिवशी तो बोलावल्याशिवाय आला. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "भाई, आता बस कर. हे औषध हाय, आपल्याला ठाऊक हाय. तुझ्या डोळ्यात नको घालूस."

"हौ," तो म्हणाला. त्यानं झाकण काढलं, मान वर केली, आणि पहिला थेंब स्वतःच्या डोळ्यात टाकला.